डर्बीच्या अडीच मिनिटांमागची पाच वर्षं

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवाराच्या सुमाराला मुंबईत महालक्ष्मीला इंडियन डर्बी धावते. अंतर २४०० मीटर, वेळ साधारण अडीच मिनिटं. धावणारे सगळे घोडे चार वर्षांचे. जिंकलेल्या घोड्याच्या आईला ज्या दिवशी फळवलं, म्हणजे पैदाशीच्या घोड्याशी जुगवलं, तिथपासून मोजलं तर डर्बीच्या दिवशी जवळजवळ पाच वर्षं भरलेली असतात. यातली पहिली तीनेक वर्षं ब्रीडरची, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्याची, आणि उरलेली ट्रेनरची. कामं दोन असली तरी दोघांचंही निम्मं आयुष्य एकाच गोष्टीकडे बघण्यात जातं: घोड्याचे पाय.

आपल्याकडे ही दोन्ही कामं इतकी वाढली याला सरकारी नियमही कारण आहे. शर्यतीत पळवण्यासाठी परदेशातून घोडा आणता येत नाही. आणायचा तो पैदाशीसाठी. त्यामुळे भारतात पळणारा घोडा इथेच जन्मावा लागतो. पुणे आणि आसपासचा भाग या धंद्याचं एक मोठं ठाणं. पुण्याचं रेसकोर्स १८३० सालचं, महालक्ष्मीचं १८८३ सालचं, आणि दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. देशातल्या प्रत्येक थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याची, जन्मनोंद ठेवणारी स्टड बुक ऑथॉरिटीही पुण्यातच आहे.

रक्त बघायचं म्हणजे काय बघायचं

थरोब्रेड ही बंद जात आहे. आई आणि बाप दोघंही नोंदणीतले असले तरच शिंगरू नोंदलं जातं. इंग्लंडमधलं मूळ स्टड बुक १७९१ पासूनचं, आणि आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृरेषा तीन घोड्यांपाशी जाऊन थांबते: डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. त्यातही बहुतेकांची डार्लीपाशी.

ब्रीडर वंशावळीचं पान उघडतो तेव्हा त्याची नजर आधी आईच्या बाजूला जाते. बाप नामांकित असणं सोपं असतं, कारण एकच स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, एका मोसमात कितीतरी माद्यांना दिला जातो. घोडीला मात्र वर्षाला एकच शिंगरू. त्यामुळे तिच्या आधीच्या शिंगरांनी काय केलं, तिच्या बहिणींनी काय दिलं, हाच खरा पुरावा. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची नावं ठळक अक्षरांत छापतात. पहिल्या दोन पिढ्यांत ठळक अक्षर नसेल आणि चौथ्या पिढीत भरपूर असेल, तर ते पान दिसायला देखणं पण किमतीला हलकं.

वंशावळीत '३×४' असं लिहिलेलं असतं. एकच पूर्वज एका बाजूने तिसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने चौथ्या पिढीत आला, एवढाच त्याचा अर्थ. यापेक्षा जवळचं नातं बहुतेक जण टाळतात. स्टॅलियनची निवड किती मोठा फरक करते ते बघायचं तर उषा स्टडवरचा रझीन आठवावा. जगप्रसिद्ध नॉर्दर्न डान्सरचा हा मुलगा. त्याच्या शिंगरांनी इथल्या क्लासिक, म्हणजे डर्बीसारख्या मानाच्या, शर्यती पुन्हापुन्हा जिंकल्या. २०१० मध्ये आयर्लंडमधल्या संशोधकांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा अंतराशी असलेला संबंध दाखवला. कमी अंतराचा घोडा, मधला घोडा आणि लांब पल्ल्याचा घोडा हा फरक त्यावरून बराचसा कळतो. पण 'किती लांब' हे कळलं तरी 'किती चांगला' हे त्यातून कळत नाही.

डिसेंबरचे दिवे

भारतात सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. शिंगरू १० जानेवारीला जन्मो की १० मे रोजी, पुढच्या १ जानेवारीला ते एक वर्षाचंच. तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत हा चार महिन्यांचा फरक उंचीत आणि ताकदीत दिसतो. म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच यावं असं प्रत्येकाला वाटतं. घोडी साधारण ३४० दिवस, म्हणजे अकरा महिने गाभण राहते. त्यामुळे फळवण्याचा मोसम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो.

अडचण अशी की घोडी माजावर येते ती दिवस मोठा व्हायला लागल्यावर. फेब्रुवारीत तिचं शरीर अजून थंडीतच असतं. मग फार्मवर १ डिसेंबरच्या आसपास तबेल्यात दिवे लावतात. दिवसाचा उजेड आणि दिवा मिळून १६ तास व्हायला हवेत. उजेड किती हवा याची साधी कसोटी म्हणजे तबेल्याच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. साठ-सत्तर दिवसांत फरक पडतो. मध्येच आठवडाभर दिवे बंद राहिले तर केलेली मेहनत वाया जाते.

माजाचं चक्र २१ दिवसांचं, त्यात पाच-सात दिवस घोडी घोड्याला जवळ येऊ देते. आधी टीझर, म्हणजे फक्त कल घेण्यासाठी ठेवलेला घोडा, कठड्यापलीकडून दाखवतात. ती कान पाडून लाथा झाडते की शेपटी बाजूला करून शांत उभी राहते, यावरून पहिला अंदाज येतो. मग डॉक्टर सोनोग्राफीत बीजकोश मोजतात. तो ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि मऊ पडायला लागला की फळवायची वेळ जवळ आली. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मनाई आहे, घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावे लागतात. म्हणून मागणी असलेल्या स्टॅलियनची प्रत्येक वेळ मोलाची असते, आणि चुकीच्या दिवशी घोडी नेणं म्हणजे २१ दिवस घालवणं.

फळवल्यावर १४-१५ व्या दिवशी सोनोग्राफी करतात. ही चुकवून चालतच नाही, कारण जुळी असतील तर ती याच वेळी पकडायची असतात. घोडीच्या पोटात दोन जीव नीट वाढत नाहीत. एका शिंगराला सगळं गर्भाशय पुरतं तेव्हा कुठे त्याचं पोषण होतं. दोघांत जागा वाटली गेली की बहुधा आठव्या-नवव्या महिन्यात दोन्ही जातात आणि घोडीही धोक्यात येते. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भ आत फिरत असतो, तेव्हा अनुभवी डॉक्टर एकाला बाजूला घेऊन दाबून संपवतात. पस्तिसाव्या दिवसानंतर उशीर झालेला असतो. त्या सुमाराला गर्भाशयात अशा ग्रंथी तयार होतात की नंतर गर्भ गेला तरी घोडी कित्येक आठवडे माजावर येत नाही. म्हणजे ते वर्षच हातचं गेलं.

पुढे पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात हर्पिसची लस, आणि विण्याआधी महिनाभर धनुर्वाताची. ही शेवटची लस आईसाठी जितकी, तितकीच तिच्या चिकासाठी, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधासाठी.

विण्याची रात्र

घोड्या बहुतेक रात्रीच वितात. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब साठले की पुढचे एक-दोन दिवस कोणी झोपत नाही. पाणी फुटल्यापासून शिंगरू बाहेर पडायला वीस-तीस मिनिटं लागतात. आधी एक पुढचा पाय, किंचित मागे दुसरा, आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक, असं दिसलं की हात लावायचा नाही. पाय दिसले आणि नाक नाही, किंवा अर्धा तास होऊन प्रगती नाही, तर क्षणाचाही विलंब नको. गाय अडली तर वाट बघायला थोडा अवकाश असतो, घोडीत तो नसतो.

सगळ्यात घाबरवणारी खूण म्हणजे पांढुरक्या पडद्याऐवजी मखमली लाल पिशवी बाहेर दिसणं. याचा अर्थ वार, म्हणजे पोटात शिंगराला पोसणारं आवरण, शिंगराआधीच सुटली आणि त्याचा प्राणवायू तुटला. इथे डॉक्टरची वाट बघायची नसते. जवळ असेल त्याने ती पिशवी कापायची आणि शिंगरू ओढून काढायचं. कात्री म्हणूनच दाराशी टांगलेली असते.

नंतरचा हिशेब एक, दोन, तीन असा लक्षात ठेवतात: एका तासात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत त्याने आचळ धरावं, तीन तासांत घोडीची वार पडावी. वार अडकली तर त्याचं विष रक्तात जाऊन चक्क खुरांना सूज येते आणि घोडी कायमची लंगडी होऊ शकते. वार पडली की ती जमिनीवर पसरून पुरी आहे का ते बघतात. टोकाचा तुकडा आत राहणं हीच नेहमीची चूक.

चिकाचं महत्त्व गावात कोणाला सांगावं लागत नाही, पण घोड्यात ते आणखी जास्त. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळपास नसतात. ती चिकातूनच येतात, आणि आतडं ती शोषून घेतं फक्त पहिले काही तास. चोवीस तासांत ते दार बंद होतं. एरवी धडधाकट दिसणारं शिंगरू तिसऱ्या दिवशी तापाने मान टाकतं, गुडघे सुजतात, त्याचं मूळ बहुधा इथेच असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त तपासतात. आयजीजी, म्हणजे यातलं मुख्य प्रतिद्रव्य, डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवं. कमी आलं तर शिरेतून प्लाझ्मा द्यायचा. जाणकार फार्मवर भरपूर दूध असलेल्या घोड्यांचा थोडा चीक काढून गोठवून ठेवतात, अडीअडचणीला तो शिंगरू वाचवतो.

वाढीचे महिने

जन्मताना पन्नासेक किलोचं शिंगरू सुरुवातीला रोज किलो-सव्वा किलोने वाढतं. पाच-सहा महिन्यांनी दूध तोडतात. या काळात डीएनए तपासणी होते, मायक्रोचिप बसते, पासपोर्ट तयार होतो.

पाय वाकडे असणं हे खूप शिंगरांत दिसतं आणि बरंचसं आपोआप सुधारतं. पण कुठला सांधा वाकडा आहे त्यावर घाई ठरते. खुराच्या वरचा सांधा, फेटलॉक, इथली वाढ तीनेक महिन्यांत जवळजवळ थांबते. गुडघ्याची बरीच उशिरापर्यंत चालते. फेटलॉकचा दोष दिसत असताना 'सुधारेल हळूहळू' म्हणत बसलेला ब्रीडर तो दोष कायमचा करून ठेवतो. नालबंद महिन्या-महिन्याला खूर तासून तोल आणत राहतो.

खाण्यातली आपल्याकडची जुनी चूक म्हणजे गव्हाच्या कोंड्यावर भर. कोंड्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम कमी. हे प्रमाण उलटं झालं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, हाडं पोकळ होतात, चेहऱ्याचं हाड फुगतं. कॅल्शियम स्फुरदापेक्षा थोडं जास्तच, दीडपट-दुप्पट असावं. लसूणघासात ते भरपूर असतं, आणि पुण्याच्या आसपासची फार्म घास स्वतः पिकवतात त्यामागे हे एक कारण आहे.

ट्रेनरच्या हाती

दीड-दोन वर्षांच्या वयात घोड्याला माणसाळवून बसण्यालायक करतात. आधी पाठीवर नुसता पट्टा, मग लांब दोऱ्यांनी मागून चालवणं, मग खोगीर, मग पोटावर आडवा पडलेला रायडर, आणि शेवटी रिकिबीत पाय. तीन-चार आठवडे लागतात. इथे केलेली घाई पुढे स्टार्टिंग गेटमध्ये दिसते. तिथे बिथरणाऱ्या घोड्यांपैकी कितीतरींची सुरुवातच बिघडलेली असते.

यानंतरचं काम समजून घेण्यासाठी नळीचं हाड, म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड, समजून घ्यावं. दोन वर्षांच्या घोड्याचं पुढच्या पायाचं नळीचं हाड अजून तयार होत असतं. ते ज्या भाराला सामोरं जातं त्याच भारासाठी घट्ट होतं. महिनोन्महिने नुसतं संथ पळवलेलं हाड संथ पळण्यासाठीच तयार होतं. एके दिवशी त्याच्यावर पूर्ण वेग टाकला की पुढच्या बाजूला सूज येते, हात लावला तर घोडा पाय काढून घेतो. यालाच 'शिन्स' म्हणतात. उपाय उलटा वाटेल असा आहे: आठवड्यातून एक-दोनदा, थोडंच अंतर, पण वेगात. १०० मीटर, मग २००, मग ४००. हाडाला वेगाची ओळख लहान घासांनी करून द्यायची. दुखायला लागल्यावरही रेटलं तर त्याच जागी पुढे बारीक तडा जाऊ शकतो.

वर्तमानपत्रात ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सरावाच्या, बातम्यांत '८००/५२, ६००/३८' असं लिहितात. शेवटचे ८०० मीटर ५२ सेकंदांत आणि त्यातले शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत, असा त्याचा अर्थ. शर्यतीत चांगला घोडा २०० मीटरला १२ सेकंदांच्या आसपास जातो, तेव्हा ३८ म्हणजे हात राखून. पण आकडा एकटा काही सांगत नाही. रायडर किती वजनाचा, ट्रॅक वाळूचा की गवताचा, घोडा कठड्यालगत होता की बाहेरून, आणि थांबल्यावर त्याचा श्वास किती मिनिटांत ताळ्यावर आला, हे कळल्याशिवाय वेळ वाचू नये. विश्रांतीत घोड्याचं हृदय मिनिटाला पस्तिसेक ठोके देतं, पूर्ण वेगात २२० च्या वर. ते किती लवकर खाली येतं, तंदुरुस्ती तिथे कळते.

ट्रेनरच्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा क्षण मात्र ट्रॅकवरचा नसतो. तो पहाटे तबेल्यात असतो, घोडा बाहेर काढण्याआधी. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, घोडा धरतो, ट्रेनर वाकून पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने हात फिरवतो: गुडघ्याच्या खालून फेटलॉकपर्यंत, आधी उभ्या पायावर, मग पाय उचलून टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दोन बोटांत धरून. मग दुसरा पाय. दोन्हीत फरक आहे का, एखाद्या जागी ऊब आहे का, दोरी गोल लागते की चपटी. नुसती किंचित ऊब लागली आणि घोडा चालायला अगदी ठीक असला, तरी त्या दिवशीची गॅलप, म्हणजे वेगाची दौड, रद्द. कारण टेंडनचे धागे आधी थोडे तुटतात आणि लंगडणं नंतर येतं. ती सूचना चुकली तर नऊ ते बारा महिने घरी, आणि भरून आलेली जागा पहिल्यासारखी लवचिक कधीच होत नाही. घोडा चांगला असताना काम रद्द करायला, मालकाला फोन करून 'या शर्यतीत नाही' सांगायला जे धैर्य लागतं, त्यावरून ट्रेनर ओळखावा.

त्याच वेळी ताप बघतात (३७ ते ३८.३ अंश ठीक) आणि रात्रीचं दाण्याचं भांडं. दाणा उरलेला दिसला की काहीतरी बिनसलंय. कामातला घोडा दिवसाला दहा-बारा किलो खातो, त्यात दाणा चार ते सहा किलो, तोही तीन-चार वेळा विभागून. पोट शरीराच्या मानाने लहान, आणि घोड्याला उलटी होत नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री दाणा कमी करावा लागतो. पूर्ण दाणा खाऊन दिवसभर उभ्या राहिलेल्या घोड्याचे स्नायू दुसऱ्या दिवशी कामावर नेल्यावर आखडतात, लघवी लालसर-काळी होते. मुंबईच्या दमट हवेत आणखी एक त्रास असतो: काही घोड्यांना घाम येणंच थांबतं. अंग कोरडं आणि श्वास जोरात, अशा घोड्याला लगेच पाणी मारून सावलीत न्यायचं आणि शक्य तर पुण्याच्या हवेत पाठवायचं.

मोसमही तसाच वाटलेला आहे. पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, पुणे. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई.

शर्यत निवडणं

प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने पाठीवर वजन ठरतं. जिंकलात की रेटिंग वाढतं, वजन वाढतं, वरच्या गटात जाता. घोडा गटाच्या वरच्या टोकाला असेल तर सर्वांत जास्त वजन त्याच्यावर. तोच पुढच्या गटात खालच्या टोकाला आला तर वजन हलकं पण सोबती तगडे. यातलं कुठलं परवडेल हा ट्रेनरचा रोजचा हिशेब. क्लासिक शर्यतींत हे हँडिकॅप नसतं: तीन वर्षांचा असताना डिसेंबरच्या सुमाराला १६०० मीटरची गिनीज, चार पूर्ण झाल्यावर डर्बी, आणि सप्टेंबरात पुण्याला २८०० मीटरची सेंट लेजर. १६०० ला चमकलेला घोडा २४०० ला शेवटच्या २०० मीटरमध्ये थांबतो तेव्हा दोष जॉकीचा नसतो बहुतेकदा, वंशावळीतच तो पल्ला नसतो.

औषधांची जबाबदारी पूर्णपणे ट्रेनरवर. नमुन्यात काही सापडलं तर कोणी दिलं हा प्रश्न नंतरचा; परवाना ट्रेनरचाच जातो. म्हणून खोकल्याच्या साध्या औषधाचीही तारीख वहीत लिहून, शर्यतीपर्यंत किती दिवस राहिले ते मोजूनच ते देतात.

माणसं आणि पैसा

ट्रेनर होण्याचं कॉलेज नाही. बरेच जण रायडर किंवा जॉकी म्हणून सुरुवात करतात, काही जण घराण्यातून येतात, आणि बहुतेकांना काही वर्षं असिस्टंट म्हणून काढावी लागतात. मग क्लबकडून परवाना. पेसी श्रॉफ आधी देशातले आघाडीचे जॉकी होते, नंतर आघाडीचे ट्रेनर झाले. उत्पन्न दोन वाटांनी: मालकाकडून दर घोड्यामागे महिन्याची फी आणि जिंकलेल्या बक्षिसातला हिस्सा. फी बहुतेक चारा, मोतद्दारांचे पगार आणि नालबंदीत जाते, कमाई खरी बक्षिसातून.

बक्षिसाची रक्कम मुख्यतः पैजेच्या उलाढालीतून येते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, त्यामुळे ती जुगारबंदीतून वाचली. पण २०१७ पासून पैजेवर २८ टक्के जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कायदेशीर पैज आटली की बक्षिसं आटतात, मग मालक घोडे कमी घेतात, आणि शेवटी फटका बसतो तो ब्रीडरला, कारण त्याने तो घोडा तीन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेला असतो.

शर्यत संपल्यावरचं आयुष्य सगळ्यांना सारखं नसतं. फार थोडे घोडे स्टॅलियन होतात. खच्ची केलेले काही रायडिंग क्लबांत, काही पोलो-शो जंपिंगकडे जातात. पूनावाला स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात. त्याच धाग्यातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी केली.

चांगल्या घराण्यातली घोडी स्टडवर परत येते. तिला लगेच फळवायला नेऊ नये. आधी नाल काढायचे, दाणा दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवायचा, दिवसाचे काही तास कुरणात सोडायचं आणि अंगावर थोडी चरबी चढू द्यायची. शर्यतीच्या ताणाखाली राहिलेल्या घोडीचं माजाचं चक्र जाग्यावर यायला वेळ लागतो. एप्रिलमध्ये मुंबईचा मोसम संपवून आलेल्या घोडीला डिसेंबरच्या दिव्यांपर्यंत आठ महिने मिळतात. फेब्रुवारीत थेट ट्रॅकवरून आणलेली त्या मोसमात बहुधा रिकामीच जाते.